न बोलता दिलेली उत्तरे

(पाठपरिचय : तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. मग ते विचार करते की नाही, हे ओळखायचे कसे? काही संशोधकांनी त्यासाठी साध्या पण युक्तीच्या वाटा शोधून काढल्या. त्या वाटांची आणि त्यांतून मिळालेल्या ज्ञानाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी एखादे तान्हे बाळ असेलच. ते पाळण्यात पडल्या पडल्या पंख्याकडे टक लावून पाहते. मूठ तोंडात घालते. खुळखुळा वाजला की मान वळवते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "अजून त्याला काय कळतंय!" कदाचित तुम्हीही असेच म्हणत असाल. पण जरा थांबा. त्याला काही कळत नाही, हे आपल्याला कसे कळले? आपण त्याला कधी विचारले आहे का?

विचारायचे तरी कसे? तुम्हांला किती येते हे पाहायचे असेल, तर शिक्षक प्रश्नपत्रिका देतात आणि तुम्ही उत्तरे लिहिता. बाळाला प्रश्न समजत नाही आणि उत्तर सांगता येत नाही. म्हणून बाळाच्या मनाचे दार बंदच आहे, असे माणसांना पुष्कळ काळ वाटत राहिले. गेल्या शंभर वर्षांत काही संशोधकांनी हे दार थोडे उघडले. त्यांनी बाळाला बोलायला लावले नाही. बाळाला जे करता येते, त्यातूनच त्यांनी उत्तरे मिळवली. बाळ पाहू शकते, पाय झाडू शकते, मान वळवू शकते, हात पुढे करू शकते. हीच त्याची लेखणी आणि हीच त्याची पाटी.

या कामात एक नाव फार मोठे आहे. ते म्हणजे ज्याँ पियाजे. शिक्षक होण्यासाठी बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव अभ्यासावे लागते. पियाजे यांचा जन्म १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये नशातेल या गावी झाला. त्यांना लहानपणापासून निरीक्षणाचा छंद होता. शाळकरी वयातच त्यांनी एका पांढऱ्या चिमणीविषयी छोटेसे टिपण लिहिले आणि ते १९०७ साली छापूनही आले. पुढे तरुणपणी ते पॅरिसला गेले. तेथे मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांचे काम त्यांच्याकडे आले. काम तसे सोपे होते. उत्तर बरोबर असेल तर गुण द्यायचे, चूक असेल तर द्यायचे नाहीत.

पण पियाजे चुकलेल्या उत्तरांपाशी थबकले. त्यांच्या लक्षात आले, की साधारण एकाच वयाची मुले एकाच प्रकारची चूक करतात. म्हणजे ती मुले उगाच काहीतरी सांगत नव्हती. त्यांच्या चुकीमागे त्यांचा स्वतःचा एक विचार होता. तो मोठ्या माणसांच्या विचारापेक्षा वेगळा होता, इतकेच. मग पियाजे मुलांना विचारू लागले, "तुला असे का वाटते?" चुकीला नुसती फुली मारण्याऐवजी त्यांनी तिला प्रश्न विचारला. तेथूनच त्यांचे आयुष्यभराचे काम सुरू झाले.

१९२५ साली त्यांच्या घरी जाकलीन ही मुलगी जन्मली. १९२७ साली ल्युसिएन आणि १९३१ साली लॉराँ हा मुलगा झाला. पियाजे आणि त्यांच्या पत्नी व्हॅलेंटीन यांनी आपल्या तिन्ही मुलांकडे बारकाईने पाहिले. बाळाने काय केले, ते त्या वेळी किती महिने आणि किती दिवसांचे होते, हे सारे ते वहीत टिपून ठेवत. प्रयोगशाळा नव्हती, यंत्रे नव्हती. घर, पाळणा, खेळणी आणि धीराची नजर एवढेच साहित्य होते.

त्यांच्या टिपणांतला एक प्रसंग पाहा. जाकलीन साधारण आठ महिन्यांची होती. तिच्या पांघरुणावर एक खेळण्यातले बदक होते. ते पकडण्यासाठी ती धडपडत होती. धडपडीत बदक घसरले आणि चादरीच्या घडीमागे गेले. ते तिच्या हाताजवळच होते. बदक कोठे गेले, हे तिने डोळ्यांनी पाहिलेही होते. पण ते दिसेनासे होताच तिने हात थांबवला. घडी बाजूला करून बदक शोधावे, असे तिच्या मनात आलेले दिसले नाही. जणू बदक नावाची वस्तू जगातून नाहीशीच झाली.

पियाजे यांनी असे पुष्कळ प्रसंग पाहिले. त्यांवरून त्यांनी एक निष्कर्ष काढला. वस्तू दिसत नसली तरी ती असते, ही गोष्ट आपल्याला अगदी साधी वाटते. तुमचे दप्तर कपाटात असले, तरी ते आहे हे तुम्हांला ठाऊक असते. पियाजे म्हणाले, की हे ज्ञान बाळाजवळ जन्मापासून नसते. ते हळूहळू, वस्तू हाताळत हाताळत, पहिल्या दीड-दोन वर्षांत हे ज्ञान स्वतः घडवते. आठ-नऊ महिन्यांनंतर बाळ झाकलेली वस्तू शोधू लागते. पण तेव्हाही ते एक गमतीची चूक करते. खेळणे दोन-तीन वेळा उजव्या उशीखाली लपवले आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत डाव्या उशीखाली ठेवले, तरी ते पुष्कळदा उजव्याच उशीखाली शोधते!

आता एक शंका घ्या. पियाजे यांनी बाळाला जो प्रश्न विचारला, तो हाताला विचारला. बाळाने हात पुढे केला, चादर उचलली, म्हणजे त्याला उत्तर आले. पण समजा, बाळाला वस्तू आहे हे कळले असेल आणि फक्त चादर उचलून ती घेण्याचे कसब त्याच्या हाताला आले नसेल, तर? तर आपण त्याला उगाच नापास केले, असे होईल. हाताऐवजी डोळ्यांना प्रश्न विचारता येईल का?

ही वाट अमेरिकेतील रॉबर्ट फँट्झ या संशोधकांनी दाखवली. १९६० च्या आसपास त्यांनी एक पेटीसारखी जागा तयार केली. तीत बाळाला निजवायचे आणि वर दोन चित्रे लावायची. वरच्या एका छिद्रातून संशोधक बाळाचे डोळे पाही. बाळाच्या बुबुळावर चित्राचे छोटे प्रतिबिंब दिसे. त्यावरून बाळ कोणत्या चित्राकडे किती वेळ पाहते, हे मोजता येई. असे दिसून आले, की अवघ्या काही दिवसांची बाळेसुद्धा कोऱ्या रंगीत कागदापेक्षा नक्षी असलेल्या चित्राकडे जास्त वेळ पाहतात. म्हणजे बाळ नुसते डोळे उघडे ठेवत नाही. ते निवड करते.

यातून आणखी एक युक्ती निघाली. तीच ती वस्तू पुन्हा पुन्हा दाखवली, की बाळ कंटाळते आणि मान फिरवते. काही नवे किंवा नवलाचे दिसले, की ते पुन्हा टक लावून पाहते. तुम्हीही असेच करता. जादूगाराने टोपीतून कबुतर काढले, की तुमची नजर तेथेच खिळून राहते. कारण तसे घडेल, अशी तुमची अपेक्षा नसते.

१९८५ साली रने बेयार्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या युक्तीचा सुंदर उपयोग केला. त्यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक पाटी ठेवली. ती पाटी बिजागरीवर बसवल्यासारखी पुढून उठायची, उभी राहायची आणि मागे आडवी व्हायची. बाळे हे पाहून पाहून कंटाळली. मग पाटीच्या मागे एक ठोकळा ठेवला. पाटी उभी राहिली, की ठोकळा तिच्याआड दडत असे. कधी पाटी मागे जाताना ठोकळ्याला टेकून थांबायची. असे होणे योग्यच आहे. पण कधी संशोधक ठोकळा गुपचूप काढून घेत. मग पाटी पूर्वीसारखीच पूर्ण मागे आडवी होई. जणू ठोकळ्यातून आरपार गेली!

बाळांनी काय केले? पूर्ण मागे जाणारी पाटी त्यांच्या ओळखीची होती. तिचा त्यांना कंटाळा आला होता. तरीही याच प्रसंगाकडे त्यांनी जास्त वेळ पाहिले. असे का? ठोकळा दिसत नसला तरी तो तेथे आहे, मग पाटी आरपार कशी गेली, असे काहीतरी त्यांना जाणवले असले पाहिजे. हाताने दिलेल्या उत्तरापेक्षा डोळ्यांनी दिलेले उत्तर कितीतरी लवकर आले. प्रश्न विचारण्याची रीत बदलली आणि उत्तरही बदलले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बेयार्जाँ यांच्या प्रयोगामुळे पियाजे यांचे निरीक्षण खोटे ठरले नाही. जाकलीनने बदक शोधले नाही, हे खरेच होते. त्या निरीक्षणाचा अर्थ मात्र नव्याने पाहावा लागला. बाळ जास्त वेळ पाहते याचा नेमका अर्थ काय, यावरही संशोधकांचे एकमत नाही. शास्त्रात असेच चालते. मोठ्या माणसाचा मान राखूनही त्याच्या म्हणण्यावर शंका घेता येते.

पाहणे झाले. आता स्मरणशक्तीकडे वळू या. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन संशोधक आपल्या तान्ह्या मुलाला रमवण्यासाठी एक युक्ती करत. त्याच्या पाळण्यावर रंगीत चिमणाळे टांगलेले होते. त्याची रिबीन त्यांनी बाळाच्या पायाला सैल बांधली. बाळाने पाय झाडला, की चिमणाळे हले. थोड्याच वेळात बाळ जोरजोरात पाय झाडू लागले! आपण पाय हलवला तर वर काहीतरी हलते, हे त्याला उमगले होते. याच युक्तीचा त्यांनी पुढे प्रयोग केला आणि १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. नंतरच्या वर्षांत त्यांनी पाहिले, की तीन महिन्यांचे बाळ ही गोष्ट सुमारे आठवडाभर लक्षात ठेवते. आठवड्याने त्याला त्याच चिमणाळ्याखाली निजवले, तर ते लगेच पाय झाडू लागते. दोन आठवड्यांनी ते विसरलेले असते. पण आदल्या दिवशी नुसते हलते चिमणाळे दाखवले, तरी त्याला पुन्हा आठवते. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदा उजळणी केली, की तुम्हांलाही विसरलेला धडा आठवतो, तसेच हे.

आता कानांची गोष्ट ऐका. ही गोष्ट तुमच्याआमच्या अगदी जवळची आहे. 'ताक' आणि 'टाक' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. उर्दूतही 'ते' आणि 'टे' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. आपल्याला हा फरक सहज ऐकू येतो. पण इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना तो ऐकणे फार कठीण जाते. त्यांच्या भाषेत असे दोन वेगळे वर्ण नाहीत. मग त्यांच्या बाळांना तो ऐकू येतो का?

कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी नेमके हेच तपासले. त्यांनी हिंदीतील 'त' आणि 'ट' हे आवाज वापरले. बाळ आईच्या मांडीवर बसे. एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येई. आवाज बदलला आणि बाळाने मान वळवली, तर बाजूच्या पेटीत दिवा लागून एक हलते खेळणे दिसे. आईच्या कानांवर मात्र हेडफोन असत. तिलाच आवाज ऐकू आला, तर ती नकळत बाळाला खूण करील, म्हणून ही काळजी.

१९८४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना 'त' आणि 'ट' यांतला फरक कळत होता. त्यांच्या आईवडिलांना कळत नव्हता, पण बाळांना कळत होता! दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बाळांना तो चांगला कळत होता.

याचा अर्थ काय? लहान बाळ अनेक भाषांच्या आवाजांना कान देऊन तयार असते. वर्षभर ते ऐकते. घरात कोणते आवाज कामाचे आहेत, हे ते ओळखते. त्या आवाजांवर त्याचा कान पक्का बसतो आणि बाकीच्या आवाजांकडे दुर्लक्ष होऊ लागते. म्हणजे एक शब्दही न बोलता बाळाने आपल्या मातृभाषेचा पहिला धडा पुरा केलेला असतो.

मित्रांनो, मराठी वाचताना तुमच्यापैकी काही जण 'वेळ' ऐवजी 'वेल' म्हणतात, 'बाळ' ऐवजी 'बाल' म्हणतात. वर्गात कोणी हसते. मग तुम्हांला लाज वाटते आणि पुढच्या वेळी तुम्ही वाचायला उभेच राहत नाही. आता त्याचे कारण समजून घ्या. उर्दूत 'ळ' नाही. ज्याने तो आवाज बाळपणी फारसा ऐकला नाही, त्याच्या जिभेला आणि कानाला तो परका वाटणारच. पुष्कळ मराठी माणसांना 'क़ाफ़' आणि 'ग़ैन' यांचे उच्चार असेच अवघड जातात. यात बुद्धीचा दोष नाही. आणि वाट बंदही झालेली नाही. मोठ्या वयातही लक्षपूर्वक ऐकून आणि सराव करून नवे आवाज शिकता येतात, हेही संशोधनातून दिसले आहे. म्हणून हसणाऱ्याने हसू नये आणि शिकणाऱ्याने थांबू नये.

भाषा ऐकायचीच आहे, तर बाळासमोर टीव्ही किंवा मोबाइल लावून ठेवला तर? हा प्रश्न पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सिॲटल शहरात हाती घेतला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली. त्यांनी पुस्तके दाखवली, गोष्टी सांगितल्या. अशा एकूण बारा बैठका झाल्या. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. आणखी काहींना फक्त आवाज ऐकवला. १९१० किंवा १९२० साली हा प्रयोग करताच आला नसता. तो प्रसिद्ध झाला २००३ साली. ज्यांच्याशी माणसे प्रत्यक्ष बोलली, त्या बाळांना चिनी आवाजांतला फरक कळू लागला. पडद्यासमोर बसलेली बाळे मात्र काहीच शिकली नव्हती. चिनी न ऐकलेल्या बाळांइतकीच ती कोरी राहिली.

बाळ नुसत्या आवाजातून शिकत नाही. ते माणसाकडून शिकते. माणूस बाळाच्या डोळ्यांत पाहतो. बाळ हसले की हसतो. बाळाने बोट दाखवले, की तिकडे पाहून त्या वस्तूचे नाव घेतो. त्या वयाचे बाळ पडद्याकडून हे मिळवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सूचना केली, की एक वर्षाच्या आतील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासापेक्षा जास्त बसवू नये. कमी असेल तितके चांगले. अम्मी स्वयंपाकात असली आणि बाळ रडू लागले, की आपण चटकन त्याच्या हातात मोबाइल देतो. ते गप्प बसते. आपल्याला वाटते, काम झाले. पण त्या वेळी त्याला तुमचे दोन शब्द जास्त उपयोगी पडले असते.

आता बाळ मोठे झाले. ते चालू लागले. पियाजे यांच्या घरी पुन्हा एकदा जाऊ या. ल्युसिएन सोळा महिन्यांची होती. पियाजे यांनी एक साखळी काडेपेटीत ठेवली आणि पेटीला अगदी बारीक फट ठेवली. ल्युसिएनने फटीत बोट घालून पाहिले, पण साखळी निघेना. मग ती थांबली. फटीकडे निरखून पाहू लागली आणि स्वतःचे तोंड उघडू-मिटू लागली. आधी थोडे, मग जास्त, मग आणखी मोठे. त्यानंतर तिने फटीत बोट घातले, पेटी ओढून उघडली आणि साखळी बाहेर काढली. मोठी माणसे मनातल्या मनात विचार करतात. ल्युसिएनजवळ अजून पुरेसे शब्द नव्हते. म्हणून तिने तोंड उघडून 'उघडणे' या गोष्टीचा विचार केला. या प्रसंगात पियाजे यांना विचाराचा जन्म दिसला.

दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे लहान मुलाला केव्हा कळू लागते? १९९७ साली बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी हे तपासले. त्यांनी मुलांसमोर दोन वाट्या ठेवल्या. एकीत खारी बिस्किटे, दुसरीत कच्ची ब्रोकोली ही भाजी. मुलांना अर्थातच बिस्किटे आवडली. मग संशोधक बाईंनी भाजी खाऊन आनंद दाखवला, बिस्किट खाऊन तोंड वाईट केले आणि हात पुढे करून म्हटले, "मला थोडे दे." चौदा महिन्यांच्या मुलांनी त्यांना बिस्किटच दिले. जे मला आवडते, ते सर्वांनाच आवडत असणार! अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र भाजी दिली. मला आवडत नसले तरी हिला हे आवडते, एवढी मोठी गोष्ट त्यांना अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने कळू लागली होती.

असे प्रयोग करणे सोपे नसते. बाळ मध्येच झोपते, रडते, भुकेजते. आईवडिलांची परवानगी घ्यावी लागते आणि बाळ रडू लागले, तर प्रयोग थांबवावा लागतो. शिवाय एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्यांनी पुन्हा तपासावा लागतो. १९७७ साली दोन संशोधकांनी सांगितले, की काही आठवड्यांची बाळे मोठ्या माणसाने जीभ बाहेर काढली की स्वतःही जीभ बाहेर काढतात. ही गोष्ट अनेक पुस्तकांत आली. पण २०१६ साली ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक बाळांवर केलेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. पुस्तकात छापले म्हणून शास्त्रातला प्रश्न संपत नाही.

मित्रांनो, या सर्व संशोधकांनी एकच गोष्ट केली. ज्याला बोलता येत नाही, त्याला काही कळत नाही, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी धीर धरला, नीट पाहिले आणि त्याला उत्तर देता येईल असा प्रश्न शोधला. हे तुम्हांलाही करता येईल. घरातल्या बाळाशी बोला. तुमच्या घरच्या भाषेत बोला. तुम्ही बोललात की थोडे थांबा, म्हणजे त्याला त्याचे 'आगू' म्हणायला वेळ मिळेल. तोंडावर ओढणी घेऊन "आपा कुठे गेली?" म्हणा आणि ओढणी बाजूला करा. त्याने चमचा दहा वेळा खाली टाकला, तर रागावू नका. तो दहाव्या वेळीही खालीच पडतो का, हे ते पाहत असेल. तो त्याचा प्रयोग आहे.

आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "अजून त्याला काय कळतंय!" तर तुम्ही नम्रपणे सांगा, "त्याला विचारून पाहू या."

शब्दार्थ

तान्हे – दूध पिते लहान (मूल), शीरख़्वार
निरीक्षण – बारकाईने पाहणे, मुशाहिदा
टिपण – थोडक्यात लिहून ठेवलेली नोंद
थबकणे – एकदम थांबणे, ठिठकना
निष्कर्ष – विचाराअंती काढलेले अनुमान, नतीजा
कसब – कौशल्य, हुनर
प्रतिबिंब – आरशात किंवा पाण्यात दिसणारे रूप, अक्स
अपेक्षा – असे होईल ही आशा, तवक़्क़ो
स्मरणशक्ती – आठवण ठेवण्याची ताकद, याददाश्त
चिमणाळे – पाळण्यावर टांगायचे हलते रंगीत खेळणे
उमगणे – कळणे, समझ में आना
संशोधक – नवे ज्ञान शोधणारा, मुहक़्क़िक़
दुर्लक्ष – लक्ष न देणे, बेतवज्जोही
परका – आपला नसलेला, अजनबी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ज्याँ पियाजे यांचा जन्म कोठे व कधी झाला?
(आ) बदक दिसेनासे होताच जाकलीनने काय केले?
(इ) रोव्ही-कोलियर यांनी बाळाच्या पायाला काय बांधले?
(ई) प्रयोगाच्या वेळी आईच्या कानांवर हेडफोन का लावत?
(उ) अठरा महिन्यांच्या मुलांनी संशोधक बाईंना काय दिले?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(अ) पियाजे ........ उत्तरांपाशी थबकले.
(आ) तीन महिन्यांचे बाळ चिमणाळ्याची गोष्ट सुमारे ........ लक्षात ठेवते.
(इ) बाळ नुसत्या आवाजातून शिकत नाही, ते ........ शिकते.

प्र. ३. जोड्या लावा.
'अ' गट : डोळे, पाय, मान, हात
'ब' गट : 'त' आणि 'ट' यांचा प्रयोग, ठोकळा आणि पाटी यांचा प्रयोग, चादरीमागचे बदक, चिमणाळ्याचा प्रयोग

प्र. ४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "प्रश्न विचारण्याची रीत बदलली आणि उत्तरही बदलले." हे वाक्य लेखकाने कोणत्या प्रयोगाविषयी लिहिले आहे? त्याचा अर्थ सांगा.
(आ) ल्युसिएनने तोंड का उघडले असावे?
(इ) बाळाला मोबाइल देण्यापेक्षा त्याच्याशी बोलणे चांगले का?
(ई) चुकलेल्या उत्तरातून काय शिकता येते? तुमच्या अभ्यासातील एक उदाहरण द्या.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
टक लावून पाहणे, नजर खिळणे, धीर धरणे, हाती घेणे

प्र. ६. मोठ्याने वाचा आणि अर्थातला फरक सांगा.
वेळ – वेल, काळ – काल, गाळ – गाल, ताक – टाक

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या बाळाचे मोठ्या माणसांच्या परवानगीने आठवडाभर रोज दहा मिनिटे निरीक्षण करा. त्याचे वय किती महिने आहे, त्याने काय पाहिले, काय केले, हे वहीत मराठीत लिहा. तोंडात जाईल अशी लहान वस्तू त्याच्या हाती देऊ नका. ते रडू लागले, तर निरीक्षण थांबवा.